झील धरताना

तोड सुरू झाली की आमच्या भागात आधी वास येतो. कापलेल्या उसाचा गोडसर, किंचित आंबूस वास, आणि त्याच्या मागोमाग जाळलेल्या पाचटाचा. जुन्नरहून मंचरकडे जाताना गाडीची काच खाली असली की तो आत शिरतो आणि दिवसभर पदराला राहतो. यंदाही आला. मार्गशीर्ष लागला, तोडणीच्या टोळ्या आल्या, रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत निघाल्या. लोक म्हणतात, हंगाम बरा आहे. मी मान डोलावते. पण या दिवसांत कुणी माझ्याशी बोलायला लागलं, की वाक्य संपता संपता माझ्या कानामागे कुणीतरी हळूच त्यातला शेवटचा शब्द उचलतंय, असं वाटत राहतं. मागे वळून बघायची सवय मी मोडली आहे. निदान मोडली आहे असं सांगते. परवा कळंबच्या स्टॉपवर चक्क वळले, तर मागे शेवग्याच्या शेंगा विकणारी बाई होती आणि ती फोनवर भांडत होती.

ऊस उभा असतो तेव्हा रानातल्या घरांना चारी बाजूंनी आडोसा असतो. आडोसा तोच आणि धाकही तोच. मग एका दुपारी टोळी येते आणि संध्याकाळपर्यंत घर उघडं पडतं. सकाळी जिथं हिरवी भिंत होती, तिथून पार नदीपर्यंतचं दिसायला लागतं. त्या मोकळ्या रानाकडे बघायला मला आवडत नाही. इथून काहीतरी आत्ताच उठून गेलंय आणि अजून फार लांब गेलेलं नाही, असं ते रान दिसतं. हे मी भाषणात बोलत नाही. भाषणात म्हणते, ऊस तुटला की बिबट्याचा आसरा तुटतो, तो दुसरा शोधत हिंडतो, म्हणून या दिवसांत जास्त सांभाळा.

तर हे बोलणं हीच माझी नोकरी. बिबट्यासोबत कसं राहायचं, हे वनखात्याच्या वतीनं गावोगाव सांगत फिरायचं. कंत्राटी काम आहे, पण बोलावं पूर्ण लागतं. एक जीप, एक लॅपटॉप, कधी चालणारा आणि बहुतेकदा न चालणारा स्पीकर. एकट्यानं बाहेर पडू नका. अंधार पडायच्या आत पोरं घरात घ्या. रानात वाकून बसू नका, बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. बाहेर निघालात की मोठ्यानं बोलत निघा, गाणं लावा, हाका मारा. त्याला कळू द्या की माणूस येतंय. बहुतेक वेळा तो स्वतःच बाजूला होतो. हे मी इतक्या वेळा बोलले आहे, की नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा बॅटरी घेऊन जा म्हणतेस.

पाठांतर व्हायचं ते रहिमानचाचांच्या ओट्यावर. जुन्नरला आमच्या घराला लागून त्यांचं घर. चाचा उभा जन्म तमाशात होते, पण त्यांचं नाव कधी कुठल्या बोर्डावर लागलं नाही. ते झीलकरी. शाहीर पुढे उभा राहून गातो, आणि त्याच्या खांद्यामागे तुणतुणं धरून जो उभा असतो, शाहिराच्या ओळीची शेपटी उचलून 'जी जी रं जी' करत जो ती लांबवतो, तो झीलकरी. चाचांचे शाहीर म्हणजे नाना. दोघांनी मिळून किती जत्रा केल्या, याचा हिशोब दोघांनाही नव्हता. नाना गेले आणि चाचांनी तुणतुणं खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. झील मात्र सुटली नाही. समोर कुणीही बोलो, चाचा त्याचा शेवटचा शब्द उचलायचे.

"दूध संपलं," चाची आतून म्हणायची.

"संपलं जी," चाचा ओट्यावरून.

"आणायला कुणी जायचं?"

"जायचं जी."

"या अल्ला! हा माणूस मला गाण्यात जेऊ घालील," असं म्हणत चाची स्वतःच पिशवी घेऊन निघायची. गल्लीतल्या पोरी मुद्दाम लांबलचक वाक्यं बोलून त्यांची फजिती करायला बघायच्या. चाचा चुकायचे नाहीत. मी भाषण म्हणून दाखवायला लागले, की दर वाक्याला झील. "बिबट्या आपला शत्रू नाही." "नाही जी." सुरुवातीला मला हसू यायचं, मग राग यायचा, आणि पुढे पुढे तर चाचा बाजारात गेलेले असले की मला पुढचं वाक्यच सुचेना.

ज्या हंगामाची आठवण मला सोडत नाही, त्याच्या सुरुवातीला आम्हा बोलणाऱ्यांसाठी एक कार्यशाळा झाली. पुण्याहून नाटकात काम करणारा एक तरुण आला होता. श्रोत्यांशी नातं कसं जोडायचं, हे रंगभूमीकडून शिका, असं त्याचं म्हणणं. त्यानं आम्हाला पोटातून 'आ' म्हणायला लावलं, डोळे मिटून एकमेकांच्या मागे चालायला लावलं. गर्दीशी बोलू नका म्हणाला, एका माणसाच्या डोळ्यांत बघून बोला. आमचे एक वनरक्षक त्यानंतर आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांत बघून चहा मागत होते. मला मात्र ते सगळं मनापासून आवडलं. खरंच उपयोग झाला, आजही होतो. संध्याकाळी मी उत्साहानं चाचांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विडी शिलगावली आणि म्हणाले, "म्हंजी सगळ्यास्नी शाहीर करायचं ठरलंय म्हना की. मग झील कोन धरनार?"

मी म्हटलं, "चाचा, आमच्याकडं एकटीनंच बोलायचं असतं."

"आसतं जी," चाचा म्हणाले.

कळंबच्या पुढे आत, नदीच्या अंगाला एक वस्ती आहे. पाच-सहा घरं, प्रत्येकाचा ऊस घराच्या भिंतीला टेकलेला. कार्यशाळेच्या आदल्या वर्षीच्या हंगामात तिथली पाच वर्षांची मुलगी, तनू, संध्याकाळी अंगणातल्या हौदावर हात धुवायला गेली आणि बिबट्यानं तिला उचलून नेलं. आई दारात उभी होती. हे एवढंच सांगते. याहून जास्त मला माहीत आहे, पण ते सांगायचं नाही.

त्यानंतर आम्ही त्या वस्तीवर जायला लागलो. तनूची आई, सुमन, प्रत्येक वेळी यायची, सगळ्यात मागे खांबाला टेकून उभी राहायची. आधी मला वाटायचं तिला ऐकूच येत नसेल. मी तिच्या डोळ्यांत बघून बोलायचा प्रयत्न केला, पण त्या डोळ्यांत बघून मला 'घ्यावयाची काळजी' बोलता आलं नाही. मी नजर बाजूला घेतली आणि पुढच्या ओळीतल्या एका आजोबांना सगळं भाषण सांगितलं. ते बिचारे शेवटपर्यंत मान डोलवत राहिले.

सुमन ऐकत होती. आम्हीच सांगितलं होतं ना, बाहेर निघताना मोठ्यानं हाका मारत निघा? ती तसंच करायला लागली. संध्याकाळी गोठ्याकडे जाताना, वैरण आणताना, हौदावर जाताना ती मोठ्यानं हाक मारायची: "तनूऽऽ! ए तनूऽऽ!" हातात काठी, बॅटरी, सगळं आम्ही सांगितल्याप्रमाणे. फक्त हाक ती.

मी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा ऊस अजून उभा होता. जीप बांधाशी लावून आम्ही उतरत होतो. उसाच्या पलीकडून ती हाक आली, लांबवलेली, रोजची, जेवायला बोलवावं तशी. एक म्हातारी पटकन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. हाक उसात शिरली आणि मला उगाच वाटलं, आता आतून कुणीतरी 'ओ' देईल. माझ्या अंगावर काटा आला. तो आजही हे लिहिताना आलाच आहे.

सुमनची सासू कौसाबाई मला गोठ्याआड घेऊन गेली. "मॅडम, तुमी तिला सांगा. तुमचं ऐकंल ती. लोकं आमच्या घराकडनं जायाची बंद झाली. पोरं रातची दचकून उठत्यात. म्हंत्यात, रोज हाक मारली की एक दिस येतं."

"काय येतं?"

कौसाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "दत्ता म्हंतो, तोड झाली की तिला शिनोलीला माह्यारी धाडू. कायमचीच. मी तरी काय करू? मला बी त्यो आवाज सोसत न्हाई."

दत्ता म्हणजे सुमनचा नवरा. दुधाचा टेम्पो चालवायचा, अबोल माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, "भाऊबंद रोज बोलत्यात, मॅडम. म्हंत्यात, बायको आवर न्हाईतर रान वाटून घे आन् लांब ऱ्हा." आणि चाकाला लाथ मारून हवा बघत राहिला. ती गेली तर परत यायची नव्हती, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. मुलगी गेली, आता मुलगी जिथं होती ते घरही जाणार. वस्तीनं ठरवलं, मॅडम पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाला येतील तेव्हा सगळ्यांसमोर तिला समजावतील. बिबट्याचं राहिलं बाजूला, मला बाईला गप्प करायचं काम मिळालं होतं.

सकाळी चाचांच्या ओट्यावर बसून मी ते भाषण जुळवत होते. 'सुमनताई, आम्ही तुमचं दुःख समजू शकतो,' इथून सुरुवात. चाचांनी झील दिली नाही. मी वर बघितलं. पुन्हा म्हटलं. चाचांनी विडी शिलगावली.

"काय झालं?"

"ही ओळ तुझी न्हाई, पोरी," ते म्हणाले. "ती तिची हाय."

मग ते नानांबद्दल बोलायला लागले. नानांबद्दल ते सहसा बोलत नसत. "आखरी आखरी नानाला पुढची ओळ आठवत नसायची. मढच्या जत्रंत भर फडात थांबला. मला त्याच्या मानंवरनं कळायचं. मी हाय ती ओळ धरली आन् सोडलीच न्हाई. जी जी जी करत फिरवतोय, फिरवतोय. पब्लिकला वाटलं गडी रंगलाय, टोप्या उडवल्या राव. तवर नानाला घावली पुढची." विडी विझली होती, तरी ते ओढत होते. "झील म्हंजी गानं न्हाई. गानाराचा दम तुटला तर त्याचा शेवटचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई, बास. त्यो उचलून धरायचा, त्याला पुढचा सुचंपर्यंत."

आतून चाची म्हणाली, "आणि नाना गेले तेव्हा?"

"तवा पुढचा शब्द आलाच न्हाई," चाचा म्हणाले. "म्या अजून धरूनच हाय."

गल्लीत भाजीवाला ओरडत होता. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. इतकी वर्षं आम्ही ज्याला म्हाताऱ्याची खोड म्हणून हसलो, ते काय होतं हे त्या सकाळी कळलं, आणि मला रडू आलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. शाहिराचा आवाज फुटला तर झीलकऱ्यानं त्याच्याकडे बघायचं नसतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात सुमनच्या घरामागचा ऊस तोडताना टोळीला बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेली. दरवर्षी कुठे ना कुठे सापडतातच. आम्ही ती तपासून, क्रेटमध्ये घालून, पुन्हा त्याच जागी ठेवली. मादी येते आणि एकेक करून घेऊन जाते. वस्तीतली माणसं संतापली होती. पिल्लं उचलून नेली तर मादी चवताळून इथंच घुटमळते, हे माझ्याकडे उत्तर होतं, मी ते दिलं, पण देताना सुमन कुठे उभी आहे ते बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट रिकामा होता. मी तो उचलत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"न्हेली का?"

सुमन होती. त्या वर्षभरात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"नेली," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिनं मोकळ्या रानाकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाली आणि वैरणीचा भारा उचलून गेली. मी तो क्रेट हातात धरून किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

कार्यक्रम वस्तीवरच्या दूध घालायच्या शेडमध्ये होता. दुपार कललेली, किटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. एरवी चार टाळकी यायची, त्या दिवशी सगळे आले. बायका सतरंजीवर, पुरुष कट्ट्यावर, दत्ता टेम्पोला टेकून. सुमन नेहमीसारखी मागे खांबाशी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे भाषण नव्हतं. मी स्पीकर बंद केला, पुढे मांडलेली खुर्ची सोडली आणि बायकांमध्ये जाऊन सतरंजीवर बसले. म्हटलं, "आज मी नाही बोलत. सुमन, तू बोल."

कट्ट्यावर कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे आसं ठरलं नव्हतं." मी उठले नाही. आयुष्यात इतकं अवघड बसणं मी बसलेले नाही. आपण काही भलतंच करून बसलो तर, या भीतीनं सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिले.

मग खांबाजवळून आवाज आला. "काय बोलू? तुमीच म्हन्लात, हाक मारत जा. म्या मारते. मला दुसरं नाव येत न्हाई." ती थांबली. "शेजारची राधाबाई रेडू लावती. आक्का देवाचं म्हंती. माझ्या तोंडात त्येच येतं. घरात कुनी तिचं नाव घेत न्हाई. फोटू बी आत ठिवला. मग म्या कुटं घेऊ? भाईर घेते. भाईर तरी तुमी म्हन्ला म्हनून घेता येतं. म्या काय येडी न्हाई. ती येनार न्हाई ठावं हाय मला. पन तिचं नाव... तिचं नाव तनू..."

आणि तिचा दम तुटला. तोंड उघडं, पण पुढचं येईना. तो शब्द आमच्या सगळ्यांच्या मधोमध तसाच राहिला होता आणि आता तो खाली पडणार, हे मला दिसत होतं.

"तनू," मी म्हटलं. तिच्याकडे न बघता, हळू, जेवढा लांबवता आला तेवढा लांबवून.

मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज बेसूर आहे, आणि तो आणखीच बेसूर झाला. तिसऱ्यांदा म्हणायला गेले तेव्हा माझ्या शेजारून, पदरात तोंड घातलेल्या कौसाबाईचा आवाज आला. "तनू," ती म्हणाली. "माझी तनू." वर्षभरात त्या म्हातारीनं ते नाव पहिल्यांदा उच्चारलं होतं. मग राधाबाई. मग मागची एक पोर. शेडच्या पत्र्याखाली ते नाव हळूहळू फिरत राहिलं. सुमन खांबाला धरून खाली बसली आणि तिला पुढचं सापडलं. "तिला हौदात हात बुडवायला आवडायचं," ती म्हणाली, आणि मग बोलतच राहिली. मध्ये मध्ये थांबायची. थांबली की कुणीतरी तिचा शब्द धरायचं. टेम्पोपाशी दत्ता पाठ फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

सुमनला शिनोलीला कुणी धाडलं नाही. तसा काही ठराव झाला नाही, निर्णय झाला नाही. तोड संपली आणि ती तिथंच होती, इतकंच. फोटो बाहेर आला. अहवालात मी 'कार्यक्रम पार पडला' असं लिहिलं, कारण याहून वेगळं लिहायला तिथं रकाना नाही.

मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "सुरात व्हतं का?" मी म्हटलं, नाही. "चालतंय," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात चाचा गेले. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या. चाची मला सांगत होती, "मी म्हटलं, चहा ठेवते. तर काही बोललेच नाहीत. तेव्हाच मला कळलं." ती हे अजून सांगते, आणि सांगून झालं की थोडी थांबते. मी म्हणते, "कळलं, चाची." मग ती पुढचं बोलते.

मला आता नव्या मुलांना शिकवायला बोलावतात, श्रोत्यांशी कसं बोलावं म्हणून. मी त्यांना पोटातून 'आ' म्हणायला लावते, डोळ्यांत बघायला सांगते. मग झिलीबद्दल सांगायला जाते आणि ते जमत नाही. मुलं वही उघडून बसलेली असतात. मी मध्येच थांबते. मागून कुणी शब्द उचलेल म्हणून थांबते, आणि कुणी उचलत नाही. एवढ्या भरल्या खोलीत इतकं एकटं वाटतं, की मी पाणी पिते आणि पुढच्या स्लाइडवर जाते.

परवा पुन्हा त्या वस्तीवर गेले होते. सुमनच्या घरामागचा ऊस आदल्या दिवशीच तुटला होता. घर उघडं, रान मोकळं, पाचटाचा धूर जमिनीलगत. दिवेलागणीची वेळ. राधाबाईच्या घरात यंदा नवी सून आलीय, एकोणीस-वीस वर्षांची, हातात अजून हिरवा चुडा. ती काठी आणि बॅटरी घेऊन गोठ्याकडे निघाली आणि निघताना तिनं मोठ्यानं हाक मारली, "तनूऽऽ! ए तनूऽऽ!" पलीकडच्या घरातून, वैरण काढताना, आणखी कुणीतरी तीच हाक पुढे नेली. मग तिसऱ्या घरातून. त्या मोकळ्या रानावर ते नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मला पुन्हा वाटलं की आता 'ओ' येईल. पण या वेळी भीती वाटली नाही.

मी त्या पोरीला विचारलं, "तनू कोण गं?"

ती गोंधळली. "कोन की, मॅडम. इथं भाईर निघताना आसंच म्हंत्यात. सासूबाईंनी शिकवलं." आणि आपलं काही चुकलं की काय, म्हणून हाक मारायचीच थांबली.

शेजारच्या गोठ्यात सुमन धार काढत होती. म्हशीच्या पोटाआडून तिचा आवाज आला.

"थांबलीस का गं? म्हन की."